चौथ्या रांगेची धूळ

सें-बार्नाबे गावात रोझेर बुलियान आल्याची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. चर्चमध्ये तो कायम शेवटच्या बाकावर बसतो, आणि त्यात नम्रतेचा काहीही भाग नाही. एका रविवारी त्याच्या अंगाच्या तेलाचा वास धुपाच्या धुरात मिसळला आणि पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांना घेरी आली. त्याच रविवारी पाद्रीबुवांनी त्याला दंडाला धरून मागे नेऊन बसवलं. तेव्हा तो तिशीत होता. आता चौसष्टीला आला, त्या दोन्ही म्हाताऱ्या चर्चमागच्या कबरस्तानात गेल्या, पण बाक काही बदलला नाही.

त्याचा धंदा असा. सप्टेंबर सरत आला की गावातल्या गाड्या त्याच्या गॅरेजपुढे ओळीने उभ्या राहतात. तो त्यांच्याखाली शिरतो आणि हातातल्या गनने पोटाला, फटीफटीत, कानाकोपऱ्यात दाट तेल फवारतो. आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर बर्फ कमी आणि मीठ जास्त. गाडी वरून नवरीसारखी दिसते आणि खालून तिला गंज खात असतो. तेल न पाजलेली गाडी आठ-दहा हिवाळ्यांत खलास. चौतीस वर्षं उताणं पडून काढल्यामुळे रोझेर माणसांना तोंडावरून फारसा ओळखत नाही. गावात नवा डॉक्टर आला, त्याच्याशी ओळख करून दिली, तेव्हा हा पठ्ठ्या हात पुढे करून म्हणाला, "हां हां, डावीकडून सायलेन्सर गळतो तो तूच!"

घरात त्याला स्वतंत्र खुर्ची आहे, प्लास्टिकने मढवलेली. स्वतंत्र टॉवेल आहे, स्वतंत्र साबण आहे, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून स्वतंत्र खोली आहे. तरीही त्याला आणि सोलांजला दोन मुली झाल्या, या गोष्टीवर गावात पुष्कळ विचार झालेला आहे.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, बिचारा. बिचारा वगैरे काही नाही. रोझेरइतका दुष्ट माणूस आसपासच्या चार गावांत नव्हता, आणि त्याचा सगळा दुष्टपणा त्याच्या छातीवरच्या खिशात मावायचा. पिवळ्या मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर.

ईस्टरची प्रार्थना आटोपून लोक ठेवणीतल्या कपड्यांत चर्चबाहेर आले, की रोझेर अंगणात पुठ्ठा अंथरायचा. त्यावर उताणा होऊन तो एकेका गाडीखाली सरकायचा आणि चासीला, पत्र्याला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचा. 'टक्' आवाज आला तर लोखंड जिवंत. 'खस्स' आवाज आला तर गाडी मेली, आता फक्त पुरायची बाकी. गाव भोवती गोल करून उभं राहायचं. 'टक्'ला कोणी विचारत नसे. 'खस्स'ला टाळ्या पडायच्या.

मादाम लारूशचा नवरा एका फेब्रुवारीत गेला. त्याची गाडी तेवढी तिच्याकडे राहिली. त्या ईस्टरला ती आपली काळ्या कपड्यांत गाडीत बसलेली, आणि तिच्या बुटाशेजारून, थेट पत्र्यातून, पिवळ्या मुठीपर्यंत स्क्रूड्रायव्हर वर आला. खालून रोझेर ओरडला, "मादाम, गाडीपेक्षा तुमचा नवरा बरा टिकला म्हणायचा!"

गाव हसलं. मादाम लारूशही हसली. दुसरं काय करणार?

आणि हे एवढ्यावर थांबत नसे. मेलेल्या गाडीचा एक गंजका तुकडा कापून तो रोझेरच्या गॅरेजच्या भिंतीवर चढायचा. खाली पांढरं कार्ड. कार्डावर तीन ओळी: कोणाची, किती हिवाळे, आणि तिसरी ओळ कायम एकच. 'मादाम लारूश. अकरा हिवाळे. ऐकलं नाही.' अशी एकोणीस कार्डं होती. ती सगळी सोलांजने लिहिलेली, कारण रोझेरने कागदाला बोट लावलं की कागदाचा पापड व्हायचा, आणि सोलांजचं अक्षर कॉन्व्हेंटातल्या जोगिणींनी छड्या मारून वळवलेलं होतं.

सगळ्यांत मोठा तुकडा दारासमोर, आत येणाऱ्याच्या तोंडावर लटकत असे. 'कोनराद. नऊ हिवाळे. ऐकलं नाही.' कोनराद म्हणजे सोलांजचा धाकटा भाऊ, रोझेरचा मेहुणा. नगरपालिकेच्या गाड्या चालवायचा. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा आणि मीठ टाकायचा, उन्हाळ्यात कच्चे रस्ते सपाट करायचा. गावभर मीठ टाकणाऱ्याचीच गाडी मिठाने खावी, यात रोझेरला इतका आनंद झाला होता की त्याने त्या तुकड्याला वार्निश लावलं होतं.

"दाजी, बास झालं आता," कोनराद दर वर्षी म्हणायचा. "पोरं शाळेत चिडवतात माझ्या. काढ तो."

"काढीन की. माझ्या गाडीचा तुकडा निघेल त्या दिवशी तुझा उतरवीन. शब्द आहे माझा."

आणि रोझेरच्या गाडीचा तुकडा निघणं म्हणजे चर्चच्या शिखरावर गाय चढणं. एकोणनव्वदच्या शरदात त्याने ती हिरवी पिकअप नवी कोरी घेतली होती. गावात दुसरी कुठलीही गाडी मीठ खाऊन पंधरा हिवाळ्यांपुढे गेली नव्हती. ही चोविसाव्यात धडधडत होती. पंचवीस पुरे झाले की सरकारकडून जुन्या मानाच्या गाड्यांची वेगळी नंबरपाटी मिळते. बाकीच्यांच्या अशा गाड्या हिवाळाभर ब्लँकेट पांघरून तंबूत झोपलेल्या असतात. रोझेरची मात्र रोज मिठातून चाललेली. ती पाटी तिच्यावर चढली की भिंतीवरच्या एकोणीस जणांसमोर एक जिवंत उत्तर उभं राहणार होतं. चौतीस वर्षं तेलात बुडवलेल्या आयुष्याची एवढी एकच कमाई त्याला हवी होती.

त्या पाटीत सोलांजचाही वाटा होता. तिने समुद्र पाहिला नव्हता. लग्नात रोझेरने तिला गास्पेचा समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, पण समुद्राबद्दल त्याचं मत वाईट होतं. "समुद्र म्हणजे काय? आधीच विरघळवून ठेवलेलं मीठ! तिथली हवासुद्धा गाडी खाते." मग असं ठरलं की पाटी मिळाली, की गाडीने आपलं नाव राखलं, मग काय व्हायचं ते होवो, त्याच गाडीने जायचं. सोलांज पंचवीस वर्षं थांबली. शेवटच्या हिवाळ्यात तिने सँडल विकत घेतले. बाहेर उणे तीस, आणि ही स्वयंपाकघरात सँडल घालून दोन-चार पावलं टाकून बघायची.

आता त्या धुळीबद्दल सांगायला हवं.

तेल मारून झालं की रोझेर गाडीच्या टपावर थाप मारून प्रत्येकाला एकच सांगायचा. "घरी जाऊ नकोस. आधी चौथ्या रांगेत जा. चार फेऱ्या मार." गावामागे शेतांच्या कडेने एकामागे एक रस्ते आहेत, त्यांना आम्ही रांगा म्हणतो. पहिल्या तीन डांबरी, चौथी कच्ची. तळायच्या माशाला पीठ लावतात तशी ओल्या तेलावर धूळ बसवायची, म्हणजे वर साय धरते आणि तेल गळत नाही. रोझेरच्या बापाच्या काळापासूनचं हे शहाणपण. लोक गंभीरपणे मान डोलवायचे, "चार फेऱ्या, हो हो," आणि जायचे.

पूर्वी एका फेरीत काम व्हायचं. गेली दहा-अकरा वर्षं मात्र चौथ्या रांगेची धूळ उडेनाशी झाली होती, म्हणून चार फेऱ्या. रोझेर इतका खूश, की पाद्रीबुवांनासुद्धा सांगायचा, "धूळ अशी मऊ झालीये म्हणता! लोण्यासारखी! उडत नाही, चिकटते." धूळ उडणं का थांबलं हे त्याने कोणाला विचारलं नाही. कधी कधी समोरून कोनरादची टाकीची गाडी यायची, मागच्या नळीतून रस्त्यावर काहीतरी शिंपडत. मेहुणा रस्त्यावर पाणी मारतोय, असं समजून रोझेर हात करायचा. कोनरादही हात करायचा. भरभरून.

शंका आली ती एकट्या सोलांजला, आणि आली ती मोरीत.

"रोझेर, तुझ्या कपड्यांवरची ही धूळ वाळत कशी नाही?"

"तेल असतं त्यात."

"तेल मी पंचवीस वर्षं धुतेय. हे तेल नव्हे. दोरीवर चार दिवस टांगलं तरी दमट. आणि तुझ्या गाडीखालची जमीन बघ. अख्ख्या ऑगस्टात पाऊस नाही, तरी तिथे ओलं."

"गाडीला घाम येतो."

दुसऱ्या दिवशी ती बोट पुढे करूनच आली. "मी चाटून बघितली. खारट आहे. खारट आणि कडू."

रोझेरने जेवणाचा काटा खाली ठेवला. "तबरनाक! नवऱ्याचा मळ चाटणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय! एर्वेच्या दुकानात सांगू का हे?"

आणि त्याने खरंच सांगितलं. एर्वेचं किराणा दुकान म्हणजे गावाची चावडी. महिनाभर सोलांज मिठाचा पुडा घ्यायला गेली की एर्वे हात जोडून म्हणायचा, "मिठाला कशाला पैसे खर्च करता, मादाम बुलियान? घरी आहे ना नवरा!"

त्यानंतर तिने धुळीचं नाव काढलं नाही. त्यानंतर सात वर्षं गेली.

पंचविसावा हिवाळा संपला. त्या ईस्टरला रोझेरने चर्चच्या अंगणात पुठ्ठा अंथरला नाही. "यंदा लहानसहान मढी नाहीत," त्याने जाहीर केलं. "मेच्या पहिल्या शनिवारी गॅरेजात या. लोखंड कशाला म्हणतात ते दाखवतो." नंबरपाटीचा अर्ज भरून तयार होता. सोलांजने मांस-बटाट्याचे तीन तुर्तिएर भाजले, एर्वेने बिअर आणली, पाद्रीबुवा तीर्थाचं भांडं घेऊन आले. लिफ्टवर हिरवी पिकअप डोक्याच्या वर उचललेली, आरशांना पांढऱ्या फिती. तिच्या पोटावर पंचवीस वर्षांची साय, चांगली बोटभर जाड.

"तू स्वतः टोचून बघितलीस का कधी?" एर्वेने विचारलं.

"धरलेली खपली कोण काढतं रे?" रोझेर म्हणाला. "टोचणी दुसऱ्यांसाठी असते."

त्याने खिशातून पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, गर्दीवरून नजर फिरवली आणि मादाम लारूशपाशी थांबला. ती आता ऐंशीची झाली होती. त्याने कमरेत वाकून, नाचायला बोलवावं तसा तिच्यापुढे हात केला.

"या मादाम. तुमच्या कानांनी 'खस्स' ऐकलंय. आज 'टक्' ऐकून जा. मरायच्या आधी माणसाने चांगला आवाज ऐकावा."

"मला जोर नाही रे बाबा हातात," मादाम लारूश म्हणाली.

"जोर नकोच. तुम्ही नुसता लावा."

तिने टोपी सावरली, काठी एर्वेकडे दिली, दोन्ही हातांनी स्क्रूड्रायव्हर धरून डोक्यावर नेला आणि चासीला नुसता लावला.

'खस्स.'

पिवळ्या मुठीपर्यंत. म्हातारीचा तोलच गेला. एर्वेने धरलं नसतं तर ती स्क्रूड्रायव्हरच्या मागोमाग आत गेली असती. मग हात हात लांबीची साय सुटून खाली पडली, आणि तिच्यामागून काळपट तांबडं पाणी बदाबदा कोसळलं. थोडं पाद्रीबुवांच्या तीर्थात पडलं, बाकीचं तुर्तिएरवर.

कोणी टाळी वाजवली नाही. फक्त मादाम लारूश स्क्रूड्रायव्हरची मूठ पुसत म्हणाली, "माझे हे याच्यापेक्षा बरे टिकले."

तेव्हा जे हसू फुटलं ते पार तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. रोझेरने तिच्या हातून स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला आणि दुसरीकडे टोचला. खस्स. डावीकडे. खस्स. मागच्या चाकाजवळ, जिथे त्याने दर वर्षी दुप्पट तेल मारलं होतं, तिथे तर टोचायलाही लागलं नाही. बोट लावलं आणि बोट आत गेलं.

"तेल तर मारलंय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं तेल मारलंय मी. कोनराद, बघ, तेल आहे ना हे?"

कोनराद पुढे आला. त्याने गळणाऱ्या सायीचं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं आणि अतिशय प्रेमाने म्हणाला, "तेल चांगलंय, दाजी. धूळ पण चांगलीये. कॅल्शियम आहे हे."

"कसलं कॅल्शियम?"

"चौथ्या रांगेवर मारतो ना आम्ही, धूळ उडू नये म्हणून. जूनमध्ये एकदा, सप्टेंबरअखेर एकदा. हवेतलं पाणी ओढून घेतं, रस्ता ओला ठेवतं. मिठाचाच थोरला भाऊ तो. अकरा वर्षं झाली."

"तू पाणी मारत होतास!"

"पाणी तू म्हणायचास. मी कधी म्हणालो?"

"मी समोरून जायचो! तेल मारलेली गाडी घेऊन! चार-चार फेऱ्या! तू हात करायचास मला!"

"मग मेहुणा आहे. हात नको करू?" कोनराद म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडावरचं प्रेम एकदम गेलं. "तू आलेला दिसलास ना, दाजी, की मी नळ थोडा जास्त सोडायचो."

रोझेर गर्दीकडे वळला. त्याचा आवाज चिरकला होता. "ऐकलंत का? अरे, तुमच्या सगळ्यांच्या गाड्या गेल्या! सगळ्यांना मी चौथ्या रांगेत पाठवलंय! बघा जाऊन!"

एर्वेने स्क्रूड्रायव्हर घेतला, बाहेर गेला, स्वतःच्या गाडीखाली वाकला. 'टक्.' बाहेर लागलेल्या सगळ्या गाड्या त्यांनी एकामागून एक टोचल्या, अगदी डॉक्टरचीसुद्धा. टक्, टक्, टक्. गॅरेजात उभा राहून रोझेर प्रत्येक 'टक्' ऐकत होता.

एर्वे परत आला तो मान खाजवतच. "त्याचं काय आहे रोझेर... चार फेऱ्या कोण मारणार? नुकती धुतलेली गाडी, धुळीत घालायची? मी सरळ घरी जायचो."

"मी पण," डॉक्टर म्हणाला.

"मी एकदा गेलो होतो," मागून कोणीतरी म्हणालं. "वाटेत मासे धरायला थांबलो."

अख्ख्या सें-बार्नाबेत रोझेर बुलियानचं ऐकणारा माणूस शोधायला गेलं तर एकच सापडला, आणि तो लिफ्टखाली तांबड्या पाण्यात उभा होता. कोनराद स्टुलावर चढून दारासमोरचा आपला तुकडा उतरवत म्हणाला, "आता इथे दाजींचा लावायचा. पण तिसरी ओळ काय लिहिणार? 'ऐकलं नाही' तर लिहिता येत नाही. याने तर सगळं ऐकलं!"

लोक इतके हसले की पाद्रीबुवांना भांडं खाली ठेवून पोट धरावं लागलं. हसण्याने हादरली की काय कोण जाणे, पण तेवढ्यात वर लिफ्टवर 'कर्र' झालं आणि हिरवी पिकअप आपल्या पांढऱ्या फितींसकट मधोमध वाकली, म्हातारं घोडं बसतं तशी.

भिंतीशी हातात सुरी घेऊन सोलांज उभी होती. त्या सगळ्या गर्दीत तेवढी एक हसली नाही. तिने तुर्तिएरवरचं तांबडं पाणी निरपून टाकलं, वरचा थर काढला आणि खालचं चांगलं निघालं ते लोकांना वाढलं. लोकांनी खाल्लं.

सोमवारी सकाळी रोझेरने चासीचा एक तुकडा कापला. करवत फार चालवावी लागली नाही. दारासमोरचा खिळा रिकामा होता, आणि शब्द म्हणजे शब्द. त्याने सोलांजला हाक मारली. ती कार्ड आणि पेन घेऊन आली. अंगात रविवारचा कोट होता, हातात बॅग होती, पायांत सँडल.

"कुठे निघालीस?"

"गास्पेला. नऊची बस आहे." तिने कार्ड बॅगेवर ठेवून नाव लिहिलं. "हिवाळे किती?"

"चोवीस लिही. पंचविसावा धड पुरा कुठे झाला?"

"झाला. मी मोजलेत." तिने पंचवीस लिहिलं.

रोझेर खिळ्याकडे बघत राहिला. "खाली काही लिहू नकोस. कोनराद म्हणाला ते खरंच आहे. गावात ऐकणारा मी एकटाच."

तिने तिसरी ओळ लिहिली, शाईवर फुंकर मारली, त्याचं बोट लागू नये म्हणून कार्ड कडेला धरून त्याच्यापुढे केलं, आणि बॅग उचलून बसच्या थांब्याकडे निघाली. रस्त्याच्या कडेला अजून हिवाळ्यातलं मीठ पांढरं साचलं होतं. त्यातून ती सँडल घालून, न थांबता, चालत गेली.

ती वळणाआड गेल्यावर रोझेरने कार्ड वाचलं.

'ऐकलं नाही.'

अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं.